आत्याच्या कॉम्प्युटरची चावी

बाळ आजोबा : ...तर आता सगळ्यांनी डोळे मिटा आणि समजा, उद्या सकाळी मुलुंडमधले सगळे डेस्कटॉप गायब झाले. बँकेतले, शाळेच्या ऑफिसातले, रक्त तपासतात त्या लॅबमधले. राहिले फक्त मोबाइल. समजलं? आता मला सांगा, कुणाकुणाचं काय काय अडलं?

गार्गी : आजोबा, सगळ्यांनी म्हणजे कोणी? डोळे उघडा तुम्हीच. श्रेयस आणि सम्यक कधीच सटकले खाली, क्रिकेटला.

बाळ आजोबा : अरेच्चा! डोळे मिटून शिकवायची खोड आहे मला, शाळेतही मुलं अशीच पळायची. पण मग तू का नाही गेलीस?

गार्गी : असंच.

बाळ आजोबा : सातवीतली मुलगी शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात म्हाताऱ्यासमोर असंच बसते?

गार्गी : पंखा आहे ना इथे.

बाळ आजोबा : बरं, पंख्याचं भाडं म्हणून उत्तर दे. कुणाचं अडलं?

गार्गी : कुणाचंच नाही. बँक मोबाइलवर, तिकीट मोबाइलवर, बाबांच्या सह्यासुद्धा मोबाइलवर. जाऊ दे ना, दुसरा विषय घ्या.

बाळ आजोबा : दुसरा कशाला? मागच्या आठवड्यात शाळेत याच विषयावर बोललीस आणि टाळ्या घेतल्यास म्हणे. ‘मोबाइल डेस्कटॉपची जागा घेणार का?’ तुझ्या आईने जिन्यात थांबवून सांगितलं मला. म्हणूनच आज हा विषय काढला. म्हटलं, हिच्याशी भांडायला मजा येईल.

गार्गी : वाट लागली.

बाळ आजोबा : कुणाची?

गार्गी : काही नाही. तुम्ही काय भांडणार होता?

बाळ आजोबा : मी विळी काढून ठेवली होती तुझ्यासाठी. ओटे आले, बायका उभ्याने चिरायला लागल्या, सुरी आली. सगळे म्हणाले, विळी गेली. पण नारळ फोडला की काय काढता गं तुम्ही?

गार्गी : आमच्याकडे खवलेलं खोबरं पाकिटातून येतं. ऑर्डर केलं की लगेच.

बाळ आजोबा : आणि रत्नप्रभाला चालतं ते?

गार्गी : नाही. आत्या म्हणते, त्याला साबणाचा वास येतो. ती विळी घेऊनच बसते.

बाळ आजोबा : बघ! तसाच तिचा तो कॉम्प्युटर. किती वर्षं झाली, अख्ख्या मुलुंडच्या लग्नपत्रिका तुमच्या हॉलमधल्या त्या टेबलावर...

गार्गी : आत्याचं नाव नका ना काढू.

बाळ आजोबा : का गं? भांडलीस?

गार्गी : भांडले असते तर बरं झालं असतं.

बाळ आजोबा : नाही काढत नाव. बस. मी आपला हा फळा पुसतो, तुला वाटलं तर बोल.

गार्गी : तुम्ही आमच्या घरचे नाही ना आजोबा?

बाळ आजोबा : नाही. तीन मजले वर राहतो, एवढंच.

गार्गी : मग ऐका. पण मध्ये ‘अरेरे’ नाही म्हणायचं. आत्याच्या कॉम्प्युटरला मागे एक चावी लागते. दाराची नाही, पेन ड्राइव्हसारखी असते, काळी, अंगठ्याएवढी. ती खोचली नाही तर तिचं मराठी छापायचं सॉफ्टवेअर उघडतच नाही.

बाळ आजोबा : ठाऊक आहे. चोरून कोणी वापरू नये म्हणून कंपनी देते तशी.

गार्गी : ती मी काढून घेतली.

बाळ आजोबा : हं.

गार्गी : भाषणासाठी. बाई म्हणाल्या, नुसतं मत नको, घरातलं खरं उदाहरण द्या. मला वाटलं, चावी दोन दिवस नसली तर आत्या मोबाइलवर काम करेल. एकदा जमलं की तीच म्हणेल, झकास आहे हे. मग मी सांगू शकेन, माझ्या आत्याने डेस्कटॉप सोडला.

बाळ आजोबा : आणि जमलं?

गार्गी : कसलं जमतंय! तिच्या जुन्या फायली मोबाइलवर उघडल्या तर मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या इंग्रजी खुणा. मग तिने सावंतांच्या मुलीची पत्रिका एका बोटाने पहिल्यापासून लिहायला घेतली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एका पानावर, गणपती दुसऱ्या पानावर आणि नवऱ्याच्या मामांची नावं अर्धी स्क्रीनच्या बाहेर. चष्मा काढायची, घालायची, परत काढायची. मी बाजूलाच बसले होते. चावी माझ्या कंपासपेटीत.

बाळ आजोबा : तेव्हा नाही दिलीस?

गार्गी : तेव्हा द्यायचीच होती. पण आत्या सारखी म्हणत होती, ‘बघ गो, माझा वेंधळेपणा.’ कसं सांगणार? सावंतांनी शेवटी पत्रिका दुसरीकडे दिली. पुढच्या दिवशी माझं भाषण. मी स्टेजवरून म्हटलं, ‘माझी आत्या आता सगळं मोबाइलवर करते.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाळ आजोबा : आणि चावी?

गार्गी : परत केली! म्हणजे त्याच संध्याकाळी गुपचूप तिच्या शिवणाच्या डब्यात टाकली. म्हटलं, सापडेल, खूश होईल, विषय संपला.

बाळ आजोबा : सापडली?

गार्गी : सापडली. पण ती खूश नाही झाली, आजोबा. ती खालीच बसली, डबा मांडीवर घेऊन. ‘मी इथे ठेवली? कधी ठेवली? मला काहीच कसं आठवत नाही?’ आईला विचारलं, बाबांना विचारलं. मलाही विचारलं.

बाळ आजोबा : तू काय म्हणालीस?

गार्गी : मी म्हटलं, होतं असं कधीकधी.

बाळ आजोबा : होतं असं, म्हणालीस.

गार्गी : ‘अरेरे’ नाही म्हणायचं ठरलंय.

बाळ आजोबा : म्हटलं नाही मी.

गार्गी : चेहऱ्याने म्हटलंत. तुम्हाला माहितीये ना, माझी आजी शेवटी कुणालाच ओळखायची नाही? आत्याने तिचं सगळं केलं. आता आत्याला वाटतं, तिचंही तसंच सुरू झालं. सोमवारी चेंबूरला डॉक्टरांकडे जाणार आहे. आणि कॉम्प्युटर, तिच्या पत्रिका छापतो ना, त्या नंदूकाकाला देऊन टाकणार आहे, उद्या तो टेम्पो घेऊन येतोय. म्हणते, ‘लोकांच्या लग्नाची कामं, उद्या मुहूर्ताची तारीख चुकवली तर?’ भाषणात मी म्हटलं होतं, डेस्कटॉप जाणार. गेला. पण मोबाइलमुळे नाही ना गेला.

बाळ आजोबा : नाही. मोबाइलचा यात काही दोष नाही.

गार्गी : डॉक्टर सांगतील ना तिला, काही झालेलं नाही म्हणून? मग होईल सगळं नीट.

बाळ आजोबा : आता तूच समज हं, तू डॉक्टर आहेस. समोर रत्नप्रभा बसली आहे. पहिला प्रश्न काय विचारशील?

गार्गी : काय त्रास होतो?

बाळ आजोबा : ती काय सांगेल?

गार्गी : की मी... चावी शिवणाच्या डब्यात ठेवली आणि मला आठवतच नाही.

बाळ आजोबा : मग डॉक्टर बिचारे त्यावरच औषध शोधणार.

गार्गी : तुम्ही सांगा ना तिला. प्लीज. तुमचं ऐकते ती. तुम्ही म्हणा, अगं रत्नप्रभा, तुझी बुद्धी एकदम शाबूत आहे.

बाळ आजोबा : म्हणेन की. आणि तिला वाटेल, बाळकाका माझी समजूत काढतायत. आपल्या आईला ती स्वतः रोज हेच सांगायची, ‘तुला काही झालेलं नाही गो आई.’ तो सूर तिच्या चांगला ओळखीचा आहे.

गार्गी : मग मी चिठ्ठी लिहू?

बाळ आजोबा : लिही. ती वाचेल तेव्हा तू कुठे असशील?

गार्गी : ...खाली, क्रिकेटला.

बाळ आजोबा : हं.

गार्गी : तुम्ही ओरडत का नाही मला? ओरडा ना. बरं वाटेल.

बाळ आजोबा : म्हणूनच नाही ओरडत.

गार्गी : ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली तर?

बाळ आजोबा : होऊ शकतं. थोडे दिवस. ‘तसं नाही होणार’ म्हणून मी तुला खोटा धीर देणार नाही.

रत्नप्रभा : बाळकाका, आहात काय? आमची गार्गी इथे... ही बघा! अगो बाय, मी तुका सगळ्या बिल्डिंगमध्ये शोधतंय. घावणे थंड झाले.

बाळ आजोबा : ये रत्नप्रभा, बस.

रत्नप्रभा : बसत नाही. एक काम होतं तुमच्याकडे. उद्या नंदू कॉम्प्युटर न्यायला येतोय. ती मागची चावी तेवढी आजपासून तुमच्याजवळ ठेवा, तो आला की त्याच्या हातात द्या. माझ्याकडे नको. मी परत कुठेतरी ठेवीन आणि... आता काय, तुम्हाला माहीतच असेल, सगळ्या सोसायटीला माहीत झालंय.

बाळ आजोबा : मला द्यायच्या आधी गार्गीला तुझ्याशी बोलायचंय.

गार्गी : आजोबा!

बाळ आजोबा : नसेल बोलायचं तर तसं सांग. मग मी चावी घेतो आणि कपाटात ठेवतो.

रत्नप्रभा : काय झालं गो? शाळेत काय झालं? रडतेस कशाला? बाळकाका, हिला ओरडलात?

गार्गी : नाही ओरडले ते. आत्या, चावी तू नव्हतीस ठेवली डब्यात.

रत्नप्रभा : मग कोणी ठेवली?

गार्गी : मी. त्याच्याआधी कॉम्प्युटरमधून काढली पण मीच. तू पिठाच्या डब्यात हात घालून शोधत होतीस ना, तेव्हा माझ्या दप्तरात होती. मला भाषणात सांगायचं होतं की तू मोबाइलवर काम करतेस. आणि तू मला विचारलंस, मी कधी ठेवली गं, तेव्हा मी... तेव्हा मी खोटं बोलले. मुद्दाम.

रत्नप्रभा : थांब. परत सांग.

गार्गी : चावी मी घेतली होती.

रत्नप्रभा : ते कळलं. डब्यात कोणी ठेवली?

गार्गी : मी.

रत्नप्रभा : म्हणजे मी इसारलंय नाय?

गार्गी : नाही आत्या. काहीच नाही विसरलीस तू.

बाळ आजोबा : पाणी घे, रत्नप्रभा.

रत्नप्रभा : नको. माझ्या हाताला धरू नकोस, गार्गी. आत्ता नको. आठवडाभर मी रात्री पडल्या पडल्या सगळ्यांचे वाढदिवस घोकतेय. तुझ्या बापाचा, आईचा, तुझा. एक जरी अडला तर उठून बसायची मी. कळतंय तुला?

गार्गी : हो.

रत्नप्रभा : नाय कळत. सावंतांची पत्रिका गेली त्याचं काय नाय, दुसरी येईल. पण तुझा बाप! सख्खा धाकटा भाऊ माझा, कामावरून दिवसातून चारदा फोन करतो, ‘ताई, गॅस बंद केलास ना?’ आवाज असा लहान मुलाशी बोलल्यासारखा. आणि मी काय करते, तर उठून खरंच गॅस बघून येते.

गार्गी : मी सांगते बाबांना.

रत्नप्रभा : काय सांगशील? ती चावी द्या इकडे बाळकाका... नाही, माझ्याच हातात आहे. बघा, केवढी घाबरवलीय या पोरीने. मी जाते वर. नंदूला कळवायचंय, टेम्पो आणू नको म्हणून. घावणे झाकून ठेवलेयत. ह्याच्यापुढे आज माझ्याशी बोलू नकोस.

बाळ आजोबा : गेली. जरा वेळाने जा तूही.

गार्गी : उद्या बोलेल?

बाळ आजोबा : कोण जाणे. घावणे झाकून ठेवलेयत म्हणाली ना?

गार्गी : तुमचा फोन देता? माझा वर आहे.

(बाळ आजोबा फोन पुढे करतात. गार्गी नंबर लावते आणि तोंड भिंतीकडे करते.)

गार्गी : बाबा, मी गार्गी, बाळ आजोबांच्या फोनवरून. गाडी चालवताय? मग आधी बाजूला घ्या. नाही, नाही, तिला काही झालेलं नाही. बाबा, ऐका ना. आत्या ठीकच होती.