काचेच्या तारेला थंडी

थंडीनं काय काय आखडतं, ते मला विचारा. हुमनाबादच्या टेलिफोन हापिसात काचेच्या तारेची केबल नवी आली, तेव्हाची गोष्ट. भर उन्हाळ्यात तिचा जोड मी केला आणि साहेबांनी सांगितलं तसं बाहेरच्या भिंतीवरल्या पेटीत केसासारख्या तारांची वेटोळी सैल सोडली.

डिसेंबरात लाइन रोज पहाटे बंद पडायची आणि ऊन चढलं की आपोआप सुरू व्हायची. जोड माझा, म्हणून तीन दिवस बोलणी मलाच.

चौथ्या दिवशी साहेबांनी पेटी उघडली. बघतो तर वेटोळी दोऱ्यानं करकचून आवळलेली! साहेब माझ्याकडं बघायला लागले, तेवढ्यात आमचे जुने लाइनमन शिवप्पाअण्णा पुढं आले.

"म्याच बांधलंय, साहेब. लई गबाळं दिसायलतं."

"अण्णा, खांबावर तार ओढताना झोल सोडता ना?"

"सोडतो की. न्हाई तर थंडीत आखडून तुटती."

"मग हिला आखडायला जागा का नाही ठेवली?"

अण्णा चिडलेच. "खांबावरची उघड्यावर असती, साहेब. हिला तर घर बांधून दिलंय की आपण!"

तरी मुकाट्यानं त्यांनीच दोरा सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो, तर पेटीला अण्णांचा मफलर गुंडाळलेला आणि अण्णा शेजारी कुडकुडत उभे.

"अण्णा, आता झोल हाय की. मफलर कामून?"

"लाइन चालू हाय का न्हाई?"

"हाय."

"मग गप बस."