मागितलेला वेळ, लागलेला वेळ

सुमनवहिनी, प्राचार्य मॅडम, परशुशेठ, मोरिवलीहून आलेले सगळे गावकरी, आणि दत्ताभाऊंच्या लॅबमधल्या मुलामुलींनो,

बोलायला उभी राहिले खरी, पण हात रिकामे आहेत. घरून कागद लिहून आणला होता. तो खाली बसल्या बसल्या चुरगळला. तेव्हा जसं येईल तसं बोलते, सांभाळून घ्या. इतकी माणसं एका केअरटेकरच्या शोकसभेला जमली आहेत. उल्हासनगरहून परशुशेठ भंगाराचं दुकान बंद ठेवून आलेत. परशुशेठ दुकान बंद ठेवतात, हे मी तरी पहिल्यांदा बघतेय.

मी रेवती. बदलापूर गावात राहते. इथे अंबरनाथला, याच कॉलेजात शिकले, त्याला बरीच वर्षं झाली. भाऊंची मी नात्याने कोणी नाही. आमची ओळख भांडणातून झाली, आणि नंतरही आम्ही भांडतच राहिलो. पण आज मी रडगाणं गाणार नाही. मला एका जिंकलेल्या माणसाबद्दल बोलायचंय.

वहिनी, तुम्हाला भाऊंनी सांगितलं असेल, तरी सगळ्यांसाठी सांगते. वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे चोवीस कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवलेत. त्याला क्लस्टर म्हणतात. मोठं गणित असलं की मुलं ते तिथे लावतात. पण थेट नाही लावता येत. मध्ये शेड्युलर असतो. तोही एक प्रोग्रामच. त्याला चिठ्ठी द्यायची, की काय काम आहे, किती मशीनं हवीत, किती वेळ लागेल. मग तो ठरवतो, कोणाचं काम कधी आणि कुठे लागणार. भाऊ त्याला मुकादम म्हणायचे.

आणि भाऊंना मुकादम चांगले ठाऊक होते. मोरिवलीला लागून असलेल्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर जॉब कार्डं लिहिली. कुठला नग कुठल्या लेथवर, किती वेळ, त्याच्या आधी काय व्हायला हवं, नंतर काय. कारखाना बंद पडला आणि भाऊ इथे आले. काम काय, तर चाव्या, एसी, पंखे, झाडलोट. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती.

आता माझी चूक सांगते. सभेसमोर सांगायला लाज वाटते, पण भाऊंनी ती कधी लपवू दिली नाही.

शेवटच्या वर्षाला माझं एक गणित तीन दिवस चालायचं. म्हणून माझ्या चिठ्ठीत मी लिहिलं, बहात्तर तास. खाली माझा मेल दिला, काम संपलं की कळवा म्हणून. फाइलला नाव दिलं, रेवती फायनल. ती फाइल तिथेच ठेवून मी पास होऊन गेले. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तिची कॉपी केली. त्यांच्या पुढच्यांनी त्यांची. रेवती फायनल दोन. रेवती फायनल खरं. रेवती फायनल चालणारं. प्रत्येकाने खालची एक ओळ बदलली आणि वरचं सगळं तसंच ठेवलं. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? मुलांनो, हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलंय.

त्यामुळे झालं काय, तर या कॉलेजात कोणाचंही काम संपलं की मेल मला. मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी मेल चालूच. शेवटी एक दिवस मी वैतागून लॅबला फोन केला. उचलला भाऊंनी. मी जे तोंड सोडलं, ते सोडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय गो पोरी, ते मेल तू पुसलेस काय?"

मी म्हटलं, नाही, हजारोंनी पडलेत.

"पुसू नको. मी रविवारी येतो."

आणि आले. अंबरनाथहून बदलापूरला, बगलेत एक लांबडं रजिस्टर घेऊन. माझ्या नवऱ्याला वाटलं, गॅसवाले आलेत.

भाऊ त्या रविवारी का आले, ते ऐका. कॉलेजने ठरवलं होतं, क्लस्टर मोडीत काढायचा. मॅडम, तुम्ही स्वतः बुधवारी वर गेला होतात, आठवतंय? चोवीसच्या चोवीस मशीनं थंड, आणि बाहेर मुलं रांगेत. तुम्ही म्हणालात, हे नुसती वीज खातंय. चुकीचं काहीच म्हणाला नव्हतात. दर आठवड्याला हेच व्हायचं. मंगळवार आला की काम सुरूच व्हायचं नाही, ते थेट शुक्रवार संध्याकाळपर्यंत. सगळे म्हणायचे, शेड्युलर बिघडलाय. परशुशेठना माल बघायला बोलावणंसुद्धा गेलं होतं.

भाऊंनी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रजिस्टर उघडलं आणि मला म्हणाले, "एकदा माझ्या डोळ्यांदेखत मशीनं ट्रकात चढलीत. मी गेटवर उभा होतो. पुन्हा नाय बघणार."

बस, एवढंच. नंतर त्या ट्रकाबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण मला कळलं, या माणसाचं काय पणाला लागलंय.

मग म्हणाले, "मला सांग, शुक्रवारी काय असतं?"

अंबरनाथमध्ये राहणाऱ्या कोणालाही विचारा. शुक्रवारी लाइट जाते. शुक्रवारी शटडाऊन, आणि ती वेळ शेड्युलरमध्ये आधीच भरून ठेवलेली होती. भाऊ म्हणाले, "कारखान्यात गुरुवारी आम्ही लांबचं काम चढवत नव्हतो. अर्ध्यात लाइट गेली तर नग फुकट. मुकादमाला शुक्रवार ठाऊक हाय. तुम्ही सगळे त्याला सांगता, काम तीन दिवसांचं हाय. मग मंगळवारी तो ते कसं चढवील? मुकादम शहाणा हाय. तुम्ही त्याच्याशी खोटं बोलताय."

इतके शिकलेले लोक त्या लॅबमध्ये येऊन गेले, पण हे दिसलं झाडू मारणाऱ्या माणसाला.

पुरावा माझ्या मेलमध्ये होता. कॉलेजने कामांची नोंद कुठेच ठेवली नव्हती. पण प्रत्येक मेलमध्ये लिहिलेलं असायचं, काम किती वेळ चाललं. मी वाचत गेले, भाऊ लिहीत गेले. रजिस्टरमध्ये दोन रकाने. मागितलेला वेळ, लागलेला वेळ. मागितले बहात्तर तास, लागली चाळीस मिनिटं. मागितले बहात्तर तास, लागला सव्वा तास. पोहे गार झाले. भाऊ पान उलटायचे आणि हसायचे.

मी म्हटलं, सोपं आहे, नोटीस लावू, खरा वेळ लिहा म्हणून. भाऊंनी उलट मलाच विचारलं, नोटीस कोण वाचतं? "पोरांना चिठ्ठी लिहायलाच द्यायची नाय," ते म्हणाले. "लिहायला दिली की कॉपी करणार. त्यांनी फक्त काम सांगायचं. चिठ्ठी प्रोग्राम लिहील."

आणि मग, मित्रहो, या माणसाने साठी उलटल्यावर प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. रविवारी माझ्याकडून शिकायचे. एका बोटाने टाइप करायचे. स्पेलिंग चुकलं की मशीनला आगरी शिव्या घालायचे, त्या इथे सांगता येणार नाहीत. पण जॉब कार्ड म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. कामाचं नाव. काम कोणाचं. किती मशीनं. किती वेळ. आधी कुठलं काम संपलं पाहिजे. हे सगळं मुलाने प्रोग्रामला सांगायचं. काही राहिलं तर प्रोग्राम पुढे जाणार नाही. सगळं मिळालं, की मुकादमाला कळेल अशी चिठ्ठी प्रोग्राम स्वतः बनवून देणार. प्रोग्रामचं नावही आम्ही जॉब कार्डच ठेवलं.

आमचं मोठं भांडण झालं ते वेळेच्या रकान्यावरून. मी म्हटलं, एखाद्याने वेळ नाही दिला, तर आपण एक तास धरू. सगळे प्रोग्राम असंच करतात. भाऊ म्हणाले, नाय. मी म्हटलं, अहो भाऊ, मुलं वैतागतील. "वैतागू दे. रिकामी जागा तू भरून दिलीस, की तो तिच्याकडे बघणारच नाय. तुझे बहात्तर तास असेच पसरले ना?"

मला राग आला. मी लॅपटॉप बंद केला. दोन रविवार आम्ही बोललो नाही. तिसऱ्या रविवारी मीच फोन केला, कारण भाऊंचं बरोबर होतं. आजही त्या प्रोग्राममध्ये वेळेची जागा रिकामी आहे. वेळ दिला नाही, तर स्क्रीनवर भाऊंचीच ओळ येते. "किती वेळ हवा ते खरं सांग. मागच्या वेळी चाळीस मिनिटं लागली होती."

मग क्लस्टर ठेवायचा की मोडायचा, हे ठरवणारी ती सभा. मॅडम, तुम्ही विचारलं होतं, कुठल्या दिवशी ठेवू? भाऊ म्हणाले, बुधवारी. मी त्यांचा हात दाबला. म्हटलं, भाऊ, शनिवार म्हणा. ते म्हणाले, "बुधवारच."

बुधवार, सकाळचे दहा. मॅडम आहेत, कमिटी आहे, परशुशेठ मोजायची टेप घेऊन दारात उभे आहेत. भाऊ धुतलेला पांढरा शर्ट घालून आलेत. मुलांनी आपापली कामं सांगितली. प्रोग्रामने चिठ्ठ्या केल्या. मुकादमाने वाचल्या. मित्रहो, क्षणभर काहीच झालं नाही.  मग एका मशीनचा पंखा फिरला. मग दुसऱ्याचा. मग सगळे. चोवीस मशीनं, बुधवारी, एकदम. इतका आवाज, की कमिटीला एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रांग रिकामी. रांगच शिल्लक नाही.

परशुशेठनी टेप गुंडाळून खिशात टाकली. त्यांचं वाक्य मला तोंडपाठ आहे. "दत्ताभाऊ, चलती मशीन मैं नहीं उठाता." आणि पुढच्या आठवड्यात स्वतःहून चार जादा पंखे पाठवून दिले.

भाऊ काय करत होते? खिडकीत उभे राहून चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

नंतर कॉलेजने शेड्युलरच बदलला. नवा मुकादम, नवी भाषा. सगळे घाबरले. भाऊंनी आणि मी प्रोग्रामच्या तळातला चिठ्ठी लिहिणारा तेवढा भाग बदलला. एकाही मुलाला आपल्या कामात एक अक्षर बदलावं लागलं नाही. आपली एक मुलगी पुण्याच्या मोठ्या संस्थेत गेली, तिथे तिने तेच जॉब कार्ड चालवून दाखवलं. तिथले लोक आधी हसले, मग त्यांनी ते मागून घेतलं. ज्या माणसाला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी होती, त्याने लिहिलेलं मागून घेतलं.

आणि माझे मेल बंद झाले. प्रत्येकाचा मेल ज्याचा त्याला जायला लागला. मी सुटले. खरं सांगू? करमेना. भाऊंना तसं बोलून दाखवलं, तर ते नुसते हं म्हणाले. पुढच्या सोमवारी सकाळी मेल आला. भाऊंनी एक छोटं काम लावलं होतं, दर सोमवारी दहा वाजता सगळी मशीनं धड आहेत का बघायचं. कामाचं नाव, रेवतीला खबर.

भाऊ गेले शनिवारी. सोमवारी मी ऑफिसात होते. दहा वाजता मेल आला. काम पूर्ण. चोवीस मशीनं चालू. मागितलेला वेळ पाच मिनिटं, लागलेला वेळ चार मिनिटं. मी तिथेच डोकं टेबलावर ठेवून रडले. पण वहिनी, ते नुसतं दुःख नव्हतं. मला त्या माणसाचा अभिमान वाटत होता, आणि वाटत राहील. त्यांची मशीनं ट्रकात चढली नाहीत.

आता आपण उभे राहूया. शोकसभेत दोन मिनिटं म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात उरकतात. आपण सगळ्यांनी ते केलंय. आज नको. भाऊंसमोर खोटा वेळ सांगायची माझी हिंमत नाही. मी एकच मिनिट मागते. घड्याळ मी बघते. पूर्ण साठ सेकंद घेऊ, एकही कमी नाही.

दत्ताभाऊ, हे तुमच्यासाठी.