सात नंबरची बाटली

...आन् वर मलाच इचारत्यात, "महबूबभाई, बाटल्या धुतल्याच कशापायी?" अहो, घाण दिसली म्हणून धुतल्या! तुम्हाला सांगतो, तीस वर्सं शिरूर डेपोत मिस्त्री होतो, मळकं काय बघवतच न्हाई मला. आन् घरच्या खिडकीत काय, तर बारा बाटल्या, खारं पाणी, आत हिरवा बुळबुळीत गोळा. शेवाळ हो, शेवाळ!

आता ते माझ्या लेकीच्या, सायमाच्या पीएचडीचं शेवाळ! हर्णैच्या समुद्रातल्या खडकावरनं खरवडून आणलेलं, दोन वर्सं जगवलेलं, ईदला कालेज बंद म्हणून घरी आणलेलं... मला कुणी सांगितलं व्हतं का?

ती बाजारातनं आली, बाटल्या चकचकीत! पोरगी एकेक बाटली उजेडात धरून बघाया लागली. आमची बायकू हसीना वरडली, "या अल्ला, पोरीची दोन वर्सं गटारात घातली ह्या माणसानं!" मी वर बोट दाखवलं. म्हटलं, "गटारात कशाला? गच्चीवर हाय की सगळं!"

पळाली वर. गोणपाटावर बारा गोळे, उन्हानं पापड झालेले, प्रत्येकाम्होरं त्याच्या बाटलीवरच्याच नंबराची चिठ्ठी. "अब्बा, हे नंबरवार मांडलंय?" मग? इंजिन खोललं की नटबोल्ट ओळीनं मांडायचा, आन् दुसऱ्याचा माल इचारल्याबिगर फेकायचा न्हाई! डोळं पुसत हसली. म्हणती, "अब्बा, वाळलेल्याचा बी अर्क निघतो."

काय डोकं हाय हो पोरीचं! मला समजावलं, ह्याला ना दात ना पाय, खडकाला चिकटून बसलेलं, मासा खायला आला तर करणार काय? तर अंगातच इख तयार करतंय. तेच इख हिनं कालेजात थेंब थेंब काढलं, काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर घातलं. बाकीचं अकराच्या अकरा फुकट गेलं... आन् सात नंबरनं पेशींची वाढ रोखली! औषध व्हायला लई वर्सं लागतील, म्हणती, झालंच तर. पर मी आख्ख्या डेपोत पेढं वाटलं. कशाचं? शेवाळाचं हो, शेवाळाचं!

पर अर्क संपला. आन् जितं सात नंबर कुणी मारलं? मीच! म्हणून आता ओहोटी बघून हर्णै गाठायचं. साठीतला माणूस गुडघाभर पाण्यात उभा, ती खरवडती, मी बाटली धरतो. लई अभिमान वाटतो बघा... पर बाटली रिकामी हाय तवरच माझ्या हातात. भरली की काढून घेती!