बारावी चिठ्ठी

गोव्याला घटक राज्य होऊन वर्ष झालं होतं. नार्व्याच्या धक्क्यावर विमलाबाई फेरीबोटीची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर पाळी गावचे सगुणभाई आणि खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर यशवंत बोलत होते.

"काल गावच्या बैठकीत काय ठरलं, सगुणभाई?"

"पणजीचे प्रोफेसर आलेले. गावच्या अडचणी फळ्यावर मांडून विचारत, ह्याच्यामुळे ते होतं काय? होय म्हटलं की कारणाकडे बाण काढत."

"हात वर करून?"

"मागच्या खेपेला तसंच होतं. पण जमिनीचा मालक भाटकार हात वर करी, तिथे सगळे करीत. म्हणून आता चिठ्ठ्या."

"बरं झालं मरे."

"बसलेलो अकरा जण. चिठ्ठ्या दर वेळी बारा."

"कोणी दोन टाकल्या असतील."

"प्रोफेसरांनी एकेकाच्या हातून घेतल्या, तरी बारा. बारावी ओली."

"काय लिहिलेलं तिच्यात?"

"प्रश्न कुठलाही असो, एकच. 'बुजवलेली विहीर.' शेवटी विहीरही फळ्यावर मांडली, तर सगळे बाण तिथेच येऊन थांबले. सोमवारी विहीर उपसायची ठरली. यशवंता, घाम कसला रे?"

"ती मीच बुजवली, भाई. तीन ट्रक माती."

"खाणमालकाने सांगितलं, तू ओतलीस. त्यात काय?"

"पहिला ट्रक ओतला तेव्हा आतून हाक आली."

"मग?"

"मी दुसरा ओतला."

फेरीबोट लागली. माणसं चढू लागली. विमलाबाईंना मान वळवून मागे बघवेना.

"ऊठ," सगुणभाई म्हणाले. "सोमवारपर्यंत थांबायचं नाही. आधी पोलीस ठाण्यावर, मग विहिरीवर. मी आहे सोबत."