चादरवाल्याची वेबसाइट

खरं सांगू, वेबसाइट बनवणं मले एका चादरवाल्यानं शिकवलं. कामठीचे वामनकाका, पॉवरलूमवाले. त्यांच्या चादरींची वेबसाइट मी बनवून देल्ली, अन् दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "काहून गा, अर्धं पान स्क्रीनच्या बाहेर जाऊन राहिलं. ऑर्डरचं बटण सापडत नाही म्हणून जबलपूरचा व्यापारी बोंबलून राहिला."

मी आपला तोऱ्यात म्हटलं, "काका, त्याचा कॉम्प्युटर लहान असन. त्याले मोठा घ्याले सांगा."

काका शांतपणे म्हणे, "माझी चादर गिऱ्हाइकाच्या पलंगावरून जमिनीवर लोळली, तर मी त्याले पलंग बदल म्हणतो काय?"

मी वेबसाइटचा कोड उघडला. पाहिलं, तर पानाची रुंदी मी माझ्याच भल्यामोठ्या स्क्रीनच्या मापानं पक्की करून ठेवली होती. मग ज्याचा जेवढा स्क्रीन तेवढं पान, असं करून देल्लं. पाच मिनिटांचं काम होतं.

पण ते वाक्य डोक्यातच बसलं ना. आता नवीन गिऱ्हाइकाचा फोन आला, की तोंडातून पहिले निघते, "पलंग केवढा आहे?"

परवा बेसा भागातल्या एका डॉक्टरीणबाईंनी फोनच ठेवून देल्ला.