मालूच्या थेंबांना हात लावू नका

समारंभाचे अध्यक्ष हैबतराव, व्यासपीठावरील पाहुणे, मिठागरातलं काम टाकून आलेल्या बायांनो, भावांनो आणि पेणच्या शाळेतल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, नमस्कार.

पत्रिकेत मालूचा सत्कार छापला आहे. मला निरोपाचं बोलायचं आहे. मालू शिक्षण आटोपून घरी आली, आता धाटावच्या कंपनीत लागणार, असं तिचे काका कान्हूभाऊ गावभर सांगून बसले. नोकरी त्यांनीच खटपट करून मिळवली, त्याचं कौतुक. पण मालू उद्या पुण्याच्या प्रयोगशाळेत परत जाते आहे. काकांना ती उलट बोलत नाही, म्हणून तिची रसायनशास्त्राची बाई या नात्याने मी बोलते. कान्हूभाऊ, बसा. चहा यायचा आहे अजून.

पोरगी तिथे करते काय? तिची आई सीताबाई समोर बसल्या आहेत. मिठागरात पायाला चीर पडली, ती चिघळली. औषधांमागून औषधं झाली, जंतू एकाही औषधाला दाद देईनात. शेवटी पायाची दोन बोटं काढावी लागली. अशा जंतूला स्वतःभोवती भिंत बांधायला एक विकर लागतं, म्हणजे एन्झाइम. ते अडवलं की जंतू मरतो. पण अडवायचं नेमकं कुठे? त्यासाठी त्याचा आकार कळायला हवा. म्हणून त्याच्या द्रावणाच्या थेंबात त्याचे खडे, म्हणजे स्फटिक, वाढवायचे आणि त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे.

सीताबाईंनी तिला विचारलं होतं, "जंतू दिसत नाय, त्याचं विकर दिसत नाय, मंग दिसभर बघतंस काय गो?"

खरं सांगायचं तर दिसत नव्हतंच. वर्षभर खडे आले ते पिठासारखे. त्यातून आकार कळत नाही. असं का व्हावं? बारीक मीठ हवं असलं की आपण मिठागराचा वाफा फावड्याने सारखा ढवळतो. मालू लहानपणापासून तेच करत आली. प्रयोगशाळेतही रोज सकाळी ती थेंबांची बशी उचलायची, तिरपी करून बघायची. हाताला वळणच ते. चूक तिची तिलाच उमगली. तिने नवे थेंब लावले आणि हात शिवशिवू नयेत म्हणून सरळ रजा टाकून घरी आली. तुम्हाला वाटलं, हरून आली.

काल कान्हूभाऊंनी मला विचारलं, "आनि खडं आलंच नाय तर?" प्रश्न रास्त आहे. तो ऐकून मालू नंतर माझ्या ओटीवर येऊन म्हणाली, "बाई, नाय आलं तर परत लावीन. आयचा पाय रोज बघतंय मी."

यावर मला काही जोडायचं नाही.

मंडळाचे आणि मंच सजवणाऱ्या हमरापूरच्या मूर्तिकारांचे आभार. बोलण्यात कडकपणा आला असेल. तो वर्गातला आहे, आता जायचा नाही, पोटात घाला. एवढंच करा, रोज फोन करून 'झालं का, कधी होणार' असं तिला विचारू नका. मोठा खडा हवा असेल तर वाफ्यात फावडं घालायचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगू?

आणि कान्हूभाऊ, उद्या सकाळी तिला एसटी स्टँडवर तुम्हीच सोडा.