पाठचा वारा

ओडील : नाही म्हणजे नाही. वारा पाठीमागून लागलाय, पॅराग्लायडरची छत्री उचलणारच नाही. अशा वाऱ्यात माणूस पोटाशी बांधून मी या कड्यावरून धावणार नाही.

रेमी : वारा म्हणे! एवढीशी झुळूक आहे. डर्कसाहेब, मनावर घेऊ नका. आमच्या बाईंचं वय झालंय.

डर्क : मला उद्या निघायचंय हो. परवा दरीत दोरावरून उतरलो, काल सायकलने अख्ख्या तळ्याला वळसा घातला. आता आन्सीला जाऊन उडलोच नाही, असं घरी सांगू?

ओडील : सांगा की. तळं बोटीतूनही छान दिसतं.

रेमी : ऐकलंत? ही गिऱ्हाइकाशी बोलायची रीत! बाई, तीस वर्षं उडतेयस, आणि आज माझ्या कंपनीत नोकरी करतेयस. का, माहितेय? दर दोन दिवसांनी तुला वारा आडवा येतो.

ओडील : आणि तुझ्या चार गाड्या फिरतात, चारींवर तुझे दात विचकलेले फोटो! उडायला मीच शिकवलं ना रे तुला? पहिल्या दिवशी इथंच ओकला होतास.

रेमी : झालं? दे ती छत्री इकडे. मीच नेतो यांना. आणि तू उद्यापासून येऊ नकोस.

ओडील : नाही येणार. पण खांबावरची ती कापडी पिशवी बघ एकदा. डोंगराकडे उडायला हवी, ती तळ्याकडे उडतेय.

रेमी : डर्कसाहेब, मी सांगितलं की पळत सुटायचं. मध्येच थांबायचं नाही.

डर्क : व्हिडिओ चालू आहे ना?

रेमी : चालू आहे. चला, पळा!

ओडील : रेमी, थांब! उचलत नाहीये ती! रेमी—

(वीस मिनिटांनंतर, कड्याखालच्या झाडीत.)

डर्क : इकडे! बाई, इकडे! मी ठीक आहे. त्याच्याच अंगावर पडलो म्हणून वाचलो. पट्टे सोडवून बाजूला झालोय. तेवढा कॅमेरा कुठं उडाला, दिसतोय का?

ओडील : माणूस चेचला तुमच्याखाली, आणि कॅमेरा शोधताय? त्या दगडावर बसा. तोंड उघडू नका. हेलिकॉप्टर निघालंय.

रेमी : हस बाई, हसून घे.

ओडील : हसणारच! तळ्याकाठच्या प्रत्येक दुकानात जाऊन सांगणार, चार गाड्यांचा मालक एका व्हिडिओपायी पाठच्या वाऱ्यात धावला. गाढवालाही वारा कळतो रे!

रेमी : संपलं तुझं?

ओडील : नाही संपलं. पाय हलव.

रेमी : हलवले.

ओडील : कुठं हलले? पुन्हा हलव.

रेमी : हलवतोय ना!

ओडील : ...

रेमी : बाई? गप्प का झालीस? दे ना शिव्या. बाई?

ओडील : मान हलवू नकोस, बाळा. मी धरलंय.